चिंधी दादाला बांधली होती

माझं आणि दादाचं मूळ एकच होतं. मग दादाला कापलं तेव्हा तो गेला, की नाही गेला?

हे मी बुलबुलांना विचारलं. मुंग्यांना विचारलं. शेजारच्या एरंडाला विचारलं, तर तो म्हणाला, मी दोन-चार वर्षांचा पाहुणा, मला एवढं खोल कशाला विचारतोस. बाकीच्यांनी तेवढंही उत्तर दिलं नाही. माणसांना विचारायची सोय नव्हती. ती माझ्याशी बोलायची, पण माझं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

मी शिरीषाचा धुमारा बोलतोय. झाड म्हणवून घेण्याइतका वाढलो, पण जन्म खुंटावरचा. बंद पडलेल्या बसडेपोच्या आवारात, वर्कशॉपच्या दारापासून चार पावलांवर, कापलेल्या शिरीषाच्या खुंटातून आम्ही पाच जण फुटलो. बियांतून येणाऱ्या झाडाला मातीपासून सगळं शिकत वर यावं लागतं. आम्हाला मूळ आयतं मिळालं. त्यामुळे आम्ही वाढलो भराभर आणि शिकलो कमी. माझ्या बोलण्यात कुठे घाई दिसली तर तिचं कारण हे.

खुंट ज्या झाडाचा, ते मी पाहिलेलं नाही. त्याच्या सावलीत ड्रायव्हर डबे उघडायचे आणि फिटर गाडीखालून निघून पाठ टेकायचे, असं ऐकलंय. मग जास्त लांबीच्या बस आल्या. त्यांना वळायला जागा पुरेना, म्हणून ते झाड आणि भिंतीलगतची दहा झाडं कापली. बस वर्षभर ऐसपैस वळल्या. पुढच्या वर्षी डेपोच शहराबाहेर गेला.

पाच जणांत दादा पहिला फुटला. त्याच्यामागून तिघं, आणि सगळ्यात शेवटी मी, खुंटाच्या कडेला. दादानं मधली जागा धरली आणि सरळ वर गेला. उजेडासाठी मला बाजूला वाकावं लागलं, म्हणून मी वाकडा. दादा काही संत नव्हता. पहिलं ऊन तो घ्यायचा, गळकं आम्हाला. पण वारा सुटला की तोही आधी दादाच अंगावर घ्यायचा. मी त्याच्यावर आपटायचो. आमच्या साली जिथे घासल्या, तिथे दोघांनाही घट्टे पडले होते. तो म्हणायचा, उंच व्हायची घाई करू नकोस, आधी जाड हो. मी हो म्हणायचो आणि आणखी वीतभर वर जायचो.

आवारात रान कसं आलं ते सांगतो, कारण नंतर लोकांनी त्याचं श्रेय आपापसांत वाटून टाकलं.

डांबर ऊन-पावसानं तडकलं. भेगांत धूळ साठली, धुळीवर शेवाळ धरलं, शेवाळात गवताचं बी अडकलं. गवत मेलं आणि त्याची मूठभर माती झाली. एवढ्या मातीवर एरंड आणि रुई आल्या. त्यांना कसलीच लाज नसते, डबरातही उभ्या राहतात. त्यांच्या सावलीत जमीन जरा थंड झाली आणि मग जपून येणारी झाडं आली. उंबराचं बी वटवाघळांनी टाकलं. बाकीची बरीचशी बुलबुलांनी. एक मोडकी बस नेणाऱ्यांनी तशीच सोडली होती. तिच्या खिडक्यांच्या दांडीवर बुलबुल ओळीनं बसायचे आणि खाल्लेल्या फळांच्या बिया खाली सोडायचे. कुंपणाच्या तारेखालीही तेच. त्यामुळे आमच्याकडची बरीच रोपं सरळ रेषेत उगवली. जिथे इंजिनातलं जुनं तेल सांडलेलं होतं, तिथे मात्र वर्षानुवर्षं काही आलं नाही. अजूनही फारसं नाही.

या सगळ्याकडे माणसांचं लक्ष गेलं ते नगरपालिकेनं दारावर कागद लावला तेव्हा. आवार सपाट करून गाड्या उभ्या करायचा तळ करणार होते.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आवारावर उघडायची. बाईंनी अर्जावर अर्ज केले. शेवटी उद्यान खात्याचे साहेब आले. रेषेत उगवलेली रोपं बघून त्यांनी विचारलं की ही कुणी लावली. बाईंबरोबर डेपोतले निवृत्त मिस्त्री होते. ते म्हणाले, "पक्ष्यांनी, साहेब. त्यांना रांगेत बसायची शिस्त आहे. आपल्यासारखं नाही."

साहेब हसले नाहीत, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी खिशातून कोपरासारखी वाकलेली एक नळी काढली. आत आरसा, तोंडाला दोन तारांची फुली. डोळ्याला लावली की डोक्यावरचं दिसतं. फुलीवर पान आलं तर तिथे सावली आहे असं धरायचं, आकाश आलं तर उघडं. आवारात ठरावीक अंतरावर शंभर जागी नळी लावायची. साठ जागी पान दिसलं तर आवार रान म्हणून राहील. नाहीतर सगळं खणून डांबर. त्या दिवशी सत्तेचाळीस भरल्या. साहेबांनी दोन वर्षांची मुदत दिली आणि जाताना बजावलं, "पाणी घालायचं नाही. पाणी घालून जगवाल तर ती बाग. रान आपलं आपण जगतं."

मिस्त्रींनी लगेच बसच्या आरशाचा तुकडा आणि नळाचं कोपर घेऊन तशीच नळी बनवली आणि दर रविवारी मोजत हिंडू लागले. एकतीस वर्षं ते इथल्याच वर्कशॉपमध्ये राबले होते. तळ झाला तर पुन्हा गाड्याच येतील, मग तुम्हाला काय वाईट, असं त्यांना कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, "गाड्या येऊन दुरुस्त होऊन जायच्या, तोवर ठीक. नुसत्या उभ्या राहणार, ते बघायला मी कशाला येऊ?"

बाईंच्या लक्षात आलं की अकराही खुंटांवर आमची खेचाखेची चाललीय. पाच जण एकमेकांना ढकलत वर जातात आणि एकाचाही घेर होत नाही. प्रत्येक खुंटावर सगळ्यात दमदार धुमारा ठेवावा, बाकीचे काढावेत, म्हणजे त्या एकाचं छत्र पसरेल. विचार बरोबर होता. मला तो तेव्हा आवडला नसता, पण बरोबर होता. एका संध्याकाळी बाईंनी जुनी पांढरी चादर फाडली आणि ठेवायच्या अकरा धुमाऱ्यांना चिंध्या बांधल्या. आमच्यात ती दादाला बांधली. दादानं काही मिजास केली नाही. मला तेवढं म्हणाला, आता तू इकडे वाक, उजेड मिळेल. त्याला वाटलं, त्याच्या फांद्यांची नुसती छाटणी असेल.

बाईंनी मिस्त्रींना निरोप दिला की खुंटांवरची गर्दी विरळ करायची आहे, चिंध्या बांधून ठेवल्यात, सकाळी या.

आता वर्कशॉपची एक पद्धत सांगायला हवी. तपासनीस गाडीखाली फिरून जो भाग बाद, त्याला चिंधी बांधून जायचा. सकाळी फिटरनं यायचं, चिंधी दिसेल ते काढायचं. तपासनिसाला विचारायचं नाही. वरून चकचकीत दिसणाऱ्या भागालाही चिंधी असायची, कारण त्याची झीज आतून झालेली असायची.

मिस्त्री उजाडताच आले. बाईंचा अजून चहा व्हायचा होता. भिंतीकडून सुरुवात करून ते चिंधीवाले धुमारे कापत आले आणि शेवटी आमच्यापाशी थांबले. दादाला तळहातानं थोपटलं. "सरळ सोट वाढलायस की लेका," ते म्हणाले. मग चिंधीकडे पाहिलं, आणि स्वतःशीच म्हणाले, "बाईंनी आतलं काहीतरी बघितलं असणार." मग त्यांनी करवत लावली. हात सराईत होता, वेळ लागला नाही.

मी हे शांतपणे सांगतोय असं वाटेल. झाडाला दुसरं काही जमत नाही. ओरडता आलं असतं तर तो डेपो, ती मोडकी बस, सगळं मी दणाणून सोडलं असतं. दादा पडताना माझ्यावरून घासत गेला, घट्ट्याला घट्टा लागून. मग तो आडवा होता आणि मला पूर्ण ऊन लागत होतं. एवढं ऊन मी कधी मागितलं नव्हतं.

बाई फाटकातून आत आल्या आणि चालता चालता थांबल्या.

"मिस्त्री, हे काय केलंत?"

"चिंधीवाले काढले. अकराच्या अकरा."

"चिंधीवाले ठेवायचे होते."

मिस्त्रींनी करवतीकडे पाहिलं आणि ती हळूच जमिनीवर ठेवली. मग खुंटाच्या कडेला बसले. ते म्हणाले, "जन्मभर चिंधीवालं काढत आलो, बाई. ठेवायच्या गोष्टीला चिंधी बांधतात, हे मला कुणी सांगितलंच नाही."

बाई म्हणाल्या, "शाळेत मी चांगल्यालाच खूण करायची. मला वाटलं, सगळे तसंच करतात."

त्या रविवारी कुणी मोजलं नाही. पुढच्या रविवारी बाईंनी एकट्यानं मोजलं. सत्तेचाळीसच्या एकतीस झाल्या होत्या.

दादाच्या जागेवर पाणी चढत राहिलं. मुळाला कळलं नव्हतं. रोज पहाटे ते पूर्वीसारखंच पाणी वर पाठवायचं. कापलेल्या तोंडापाशी ते थबकायचं, ओघळायचं, आणि मग वळून माझ्यात यायचं. त्याचा वाटा मी पीत होतो. नको म्हणायची पद्धत मला माहीत नव्हती. दुसऱ्या पावसाळ्याच्या आत मी दादाच्या उंचीला पोचलो, पण अंगानं दोरीसारखा. आमच्यातल्या दोघांना वाऱ्यानं मोडलं, मधला आधार गेल्यामुळे. तिसऱ्याला आत अळी लागली. खुंटावर मी उरलो.

मिस्त्री तीन आठवडे आले नाहीत. एका दुपारी बाई कुंपणापाशी उभ्या असताना त्यांची बायको तिथे येऊन सांगत होती, जेवत नाहीत, नुसतं छताकडे बघत पडतात. तिनं त्यांना म्हटलंही होतं, झाडं कापलीत, हात नाही कापलेत तुमचे. उठा आणि जा. बाई म्हणाल्या, पाठवा त्यांना, वहिनी, मी काही बोलणार नाही. वहिनी म्हणाल्या, "नाही, तुम्ही बोलाच. न बोलल्यानं तर ते पडलेत."

ते आले. बाईंनी खरंच त्यांना बोलून घेतलं, चांगला अर्धा तास. त्यानंतर दोघंही जरा हलके झाले. माझं तसं नव्हतं. मिस्त्री माझ्याखाली बसायला लागले तेव्हा मी त्यांच्यावर एक वाळकी काटकी टाकली. नेम चुकला, चष्म्याला लागून गेली. त्यांनी ती उचलून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी लोखंडी पाइप आणून माझ्याशेजारी ठोकला आणि टायरच्या जुन्या ट्यूबनं मला त्याला बांधलं, सैल, साल घासू नये एवढं. बांधताना म्हणाले, "तू वाकडा तर वाकडा. पण मोडायचं नाही." त्यानंतर मी काटक्या टाकल्या नाहीत. माफ केलं असं नाही म्हणता येणार. टाकायचं बंद केलं, एवढंच.

रान आपल्या गतीनं येत राहिलं. उरलेले धुमारे पसरले. उंबर बसचं छप्पर ओलांडून गेला. माझ्याखाली, जिथे दादाचा पाला कुजला, तिथे बोटभर उंचीची अठरा-वीस रोपं आली. कसली ते मलाही ओळखू येईना. बाई गुडघे टेकून त्यांच्याकडे बघत बसायच्या. मुदत संपता संपता, पावसाळा सरल्यावर, मिस्त्रींनी मोजलं तर पासष्ट भरल्या. बाईंनी त्याच दिवशी मोजणीचा अर्ज दिला.

अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. एक साहेब रजेवर, दुसऱ्याची बदली. मोजणीची तारीख आली ती ऐन उन्हाळ्यातली.

कडक उन्हाळ्यात आम्ही शिरीष पानं गाळतो. जमिनीत पाणी नसलं की अंगावरचं ओझं कमी करायचं, सरळ हिशोब आहे. मोठी झाडं ते न सांगता करतात. भिंतीलगतचे दहाही जण गाळू लागले. रविवारी त्रेसष्ट. पुढच्या रविवारी एकसष्ट. मिस्त्री पाण्याचा कॅन घेऊन आले आणि माझ्यापाशी उभे राहिले. झाकण उघडलं. बाई खिडकीतून बघत होत्या. त्या खाली आल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "नको, मिस्त्री. खोटं उभं केलेलं मला नकोय." ते कॅन तसाच परत घेऊन गेले. फाटकापाशी घटाघटा स्वतःच प्यायले, आणि म्हणाले, तहान मलाही आहे.

माझी पानं दुसऱ्यांपेक्षा उशिरा पिकायची, मूळ मोठं आणि पिणारा मी एकटा म्हणून. पण त्या वर्षी मुळाकडेही काही नव्हतं. पानं सोडायची वेळ माझीही झाली होती.

आता सध्याचं सांगतो. आवार राहिलं. दाराशी साधी पाटी आहे, आत येताना भेगांवरून चालू नका, अशी. अलीकडे बाईंना फिरायला काठी लागते. मिस्त्री रविवारी अजून मोजतात, कुणी मागत नाही तरी. माझं म्हणाल तर शेंड्याकडून वाळत खाली आलोय. सुतारपक्ष्यानं मधोमध भोक पाडलंय, त्यात कुणीतरी संसार मांडलाय. मला काढावं का, याची मध्यंतरी चर्चा झाली. बाई म्हणाल्या, वाळकं झाडही रानाचं असतं, राहू दे. मिस्त्रींनी तर विषयच काढू दिला नाही. बुंध्याशी एक नवा कोंब आलाय. तो फार प्रश्न विचारतो.

मला कापू नका असं मी म्हणणार नाही. कापायचं तिथे कापावं लागतं, विरळ केल्याशिवाय पसरता येत नाही, हे मला पटलंय. एवढंच मागणं आहे की हातात करवत घेण्याआधी ज्यानं खूण केली त्याला एकदा विचारा, ही कशाची खूण. तो समोरच्या इमारतीत राहत असेल तर जिना चढून जा. चहा होईपर्यंत थांबा.

मोजणीच्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो.

साहेब अकराला आले आणि माझ्यापाशी पोचायला त्यांना भर दुपार झाली. नळी, कागद, पेन्सिल. मिस्त्री दोन पावलं मागून चालत होते आणि ओठांतल्या ओठांत मोजत होते. बाई फाटकाशी पाठ करून उभ्या होत्या, त्यांना बघवत नव्हतं. शहाण्णव जागा झाल्या होत्या, पानं एकोणसाठ जागी. सत्त्याण्णववी जागा माझ्याखाली. पुढच्या तिन्ही तेल सांडलेल्या डांबरावर होत्या, तिथे वर नुसतं आकाश होतं, हे मिस्त्रींना पाठ होतं.

"साहेब, जरा जपून," मिस्त्री म्हणाले. "खाली लहान रोपं आहेत."

साहेबांनी पाय उचलून बाजूला ठेवला आणि नळी डोळ्याला लावली.

तहान लागली आणि ऊन डोक्यावर आलं की आमची पानं आपोआप मिटतात. बारीक पानांच्या जोड्या एकमेकींना चिकटतात आणि फांदीची काडी उरते. खालून पाहिलं तर निळं आकाश दिसतं. त्या वेळी आवारातली सगळी पानं मिटत होती. माझ्या देठादेठांत तेच सुरू झालं होतं. सुकलेल्या मुळानं सांगितलं, मीट. उन्हानं सांगितलं, मीट. साहेब नळी स्थिर धरत होते. घाम आला म्हणून त्यांनी ती एकदा खाली घेतली, डोळा पुसला, पुन्हा लावली.

खोडात जे काही ओलं उरलं होतं ते सगळं मी वर ढकललं, आणि त्यांनी कागदावर खूण करून नळी खिशात घालेपर्यंत पानं उघडी धरली.